आईच्या मेंदूतलं लोह आणि घरातली लोखंडी कढई

प्रश्न : आईचं वय ७४. चक्कर येते म्हणून मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये बाकी सगळं ठीक आहे, पण मेंदूच्या आतल्या भागात दोन्ही बाजूंना 'वयानुरूप लोहाचा साठा' असं लिहिलं आहे. भावाने मोबाइलवर वाचलं की म्हातारपणी मेंदूला गंज चढतो आणि त्यातून कंपवात, स्मृतिभ्रंश होतो. तेव्हापासून लोखंडी कढई माळ्यावर गेली आहे. आईच्या लोहाच्या गोळ्या बंद आहेत. माझ्या मुलीचं वय १६, हिमोग्लोबिन ९, तर तिलाही गोळ्या द्यायच्या नाहीत असं त्याचं म्हणणं. हे लोह मेंदूत येतं कुठून? खरंच गंज चढतो का? आणि ते काढता येतं का?
(एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर : कढई माळ्यावरून खाली काढा. मुलीच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आजपासून पुन्हा सुरू करा. आईच्या गोळ्यांचं मात्र एक तपासणी करून ठरवावं लागेल, त्याबद्दल शेवटी लिहितो.

तुमच्या भावाने वाचलं ते खोटं नाही. मेंदूत वयाबरोबर लोह वाढतं, हे खरं. त्या लोहामुळे पेशींची हानी होऊ शकते, हेही खरं. गडबड झाली ती त्यापुढे. मेंदूतलं लोह ताटातून थेट तिथे जाऊन बसलं आणि ताटातलं कमी केलं की मेंदूतलंही उतरेल, असा अर्थ त्याने काढला. शरीर तसं चालत नाही.

मेंदूतलं लोह शास्त्रज्ञांनी पाहिलं त्याला शंभरावर वर्षं झाली. जर्मनीतल्या माक्स पेर्ल्स या विकृतिशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये ऊतींमधलं लोह ओळखण्याची एक साधी रीत सांगितली. ऊतीच्या पातळ कापावर पोटॅशियम फेरोसायनाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं. जिथे लोह असेल तिथे गडद निळा रंग उमटतो. आजही रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत ही रीत रोज वापरली जाते. १९२२ मध्ये हुगो श्पात्स याने माणसाच्या मेंदूचे काप लोह ओळखणाऱ्या रसायनांत घालून पाहिले, तेव्हा सगळा मेंदू सारखा रंगला नाही. दोन जागा ठळक उठून दिसल्या. एक ग्लोबस पॅलिडस, म्हणजे मेंदूच्या पोटात खोलवर, दोन्ही बाजूंना असलेला छोटासा फिकट भाग. दुसरी सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे मेंदूच्या देठात असलेली काळसर पट्टी. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या यंत्रणेतल्या या दोन मोक्याच्या जागा आहेत. तुमच्या आईच्या रिपोर्टमधला 'आतला भाग' बहुधा यातला पहिला. लोह चुंबकीय क्षेत्र बिघडवतं, म्हणून विशिष्ट प्रकारच्या एमआरआय चित्रात तो काळा दिसतो.

याला संख्येत बसवलं ते हालग्रेन आणि सूरांडर या दोन स्वीडिश संशोधकांनी. शवविच्छेदनात मिळालेल्या वेगवेगळ्या वयाच्या माणसांच्या मेंदूतलं लोह मोजून त्यांनी १९५८ मध्ये निष्कर्ष छापले, आणि मेंदूतल्या लोहावरचे लेख अजूनही याच आकड्यांपाशी परत येतात. प्रौढांच्या ग्लोबस पॅलिडसमध्ये दर १०० ग्रॅमला सुमारे २१ मिलिग्रॅम लोह सापडलं. यकृत हे शरीराचं लोहाचं कोठार, तरी तिथे हा आकडा सुमारे १३ होता. आणि वयाचा आलेख तर आपल्या समजुतीच्या उलटा निघाला. ग्लोबस पॅलिडसमधलं लोह म्हातारपणी चढत नाही. ते चढतं बालपणात आणि तरुणपणात, वयाच्या तिशीपर्यंत भराभर. त्यानंतर तो आलेख जवळजवळ सपाट होतो. पुटामेनसारख्या शेजारच्या भागांत तो सावकाश चढत पन्नाशी-साठीपर्यंत जातो.

म्हणजे तुमच्या आईच्या चित्रात जो काळा भाग दिसतो आहे, त्यातलं बहुतेक लोह ती तुमच्या मुलीपेक्षा फार मोठी नव्हती तेव्हापासून तिथे आहे. मेंदूने ते मुद्दाम घेतलं, कारण त्याला ते हवं होतं.

कशाला हवं होतं? मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराने घेतलेल्या ऑक्सिजनपैकी २० टक्के तो एकटा वापरतो. हा ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढण्याचं काम पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया करतात आणि त्यांच्या यंत्रणेत पायरीपायरीवर लोह लागतं. मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढवणाऱ्या पेशींत मेंदूतल्या इतर कुठल्याही पेशींपेक्षा जास्त लोह असतं. डोपामिन तयार करणारं टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे विकर लोहाशिवाय काम करू शकत नाही, आणि सबस्टॅन्शिया नायग्रातल्या पेशींचं मुख्य काम डोपामिन तयार करणं हेच आहे. हे विकर लक्षात ठेवा, पुढे एका मोठ्या चाचणीच्या निकालाचा उलगडा त्याच्यापाशी येऊन होतो.

लोह कमी पडलं तर मेंदूचं काय होतं, याचे पुरावेही भक्कम आहेत. बेट्सी लोझॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोस्टा रिकातल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तान्हेपणी ज्यांना दीर्घकाळ लोहाची तीव्र कमतरता होती, ती मुलं औषधाने रक्त सुधारल्यावरही पुढे शाळकरी वयात आणि तरुणपणी बौद्धिक चाचण्यांत मागेच राहिली. मोठ्या माणसांतही एक उदाहरण घराघरात आहे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पायांत काहीतरी वळवळल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, झोप मोडते. या विकारात सबस्टॅन्शिया नायग्रातलं लोह कमी असल्याचं आढळलं आहे आणि रक्तातलं फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) ७५ च्या खाली असेल तर लोह देणं हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे. कित्येक आज्या ही तक्रार 'पाय दुखतात' एवढ्यावर सोडून देतात आणि आपणही तेल लावून देतो. तपासणी करून घ्यायला हवी.

आता गंजाचा प्रश्न. गंज चढतो तेव्हा लोखंड स्वतः खाल्लं जातं. ऑक्सिजन आणि पाण्याने ते झिजतं, पापुद्रे सुटतात, शेवटी खिळा उरत नाही. मेंदूत याच्या उलट होतं. लोह जसंच्या तसं राहतं आणि त्याच्या आजूबाजूचं खाल्लं जातं. तुमच्या भावाच्या मनातलं चित्र इथे दिशाभूल करतं, म्हणून यातलं रसायन जरा नीट सांगतो.

हेन्री फेंटन हे केंब्रिजमधले रसायनशास्त्रज्ञ. टार्टारिक आम्लात, म्हणजे चिंचेत असतं त्या आम्लात, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडंसं लोह घातलं की आम्लाचं झपाट्याने ऑक्सिडीकरण होतं, असं त्यांनी १८९४ मध्ये सविस्तर मांडलं. लोह अगदी चिमूटभर पुरतं, हे त्यात विशेष. पुढे १९३० च्या दशकात हाबर आणि वाइस यांनी त्यामागची यंत्रणा सुचवली. लोहाचा अणू पेरॉक्साइडच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन देतो, रेणू तुटतो आणि त्यातून हायड्रॉक्सिल मूलक सुटतं. सजीवांच्या शरीरात तयार होणाऱ्या पदार्थांत याच्याइतकं आक्रमक दुसरं क्वचितच असेल. ते इतकं अल्पजीवी की फार दूर जाऊच शकत नाही. जिथे तयार होतं तिथेच, शेजारी जे असेल त्यावर तुटून पडतं. शेजारी डीएनए असेल तर डीएनए, प्रथिन असेल तर प्रथिन, पेशीचं आवरण असेल तर आवरण. म्हणून लोह किती आहे यापेक्षा ते पेशीत कुठे आहे आणि मोकळं आहे की बांधलेलं, याला जास्त महत्त्व.

हायड्रोजन पेरॉक्साइड तुम्ही पाहिलेलं आहे. जखम धुवायला दवाखान्यात ओततात आणि पांढरा फेस येतो, तेच. तो फेस म्हणजे रक्तातल्या कॅटलेज या विकराने पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन केल्याची खूण. अगदी थोड्या प्रमाणात हेच पेरॉक्साइड आपल्या प्रत्येक पेशीत ऑक्सिजन वापरताना सतत तयार होत असतं. मेंदूत कॅटलेज कमी असतं. तिथे ही जबाबदारी मुख्यतः ग्लुटाथायोन आणि त्याच्यावर चालणाऱ्या विकरांवर आहे. कंपवाताच्या रुग्णांच्या सबस्टॅन्शिया नायग्रात हे ग्लुटाथायोन घटलेलं असतं.

आणि मेंदूत जळायला सामानही भरपूर आहे. त्याच्या कोरड्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग स्निग्ध पदार्थांचा, त्यातही सहज ऑक्सिडीकरण होणारी, अनेक दुहेरी बंधांची मेदाम्लं पुष्कळ. जवसाची चटणी काही दिवसांत खवट होते ती याच जातीच्या मेदाम्लांमुळे आणि याच जातीच्या रासायनिक क्रियेने. एका रेणूला लागण झाली की तो शेजारच्याला लावतो. २०१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या स्कॉट डिक्सन आणि ब्रेंट स्टॉकवेल यांनी लोहावर अवलंबून असलेला, पेशीच्या आवरणातल्या मेदाचं असं ऑक्सिडीकरण होऊन येणारा पेशीमृत्यू वेगळा ओळखून त्याला फेरोप्टोसिस हे नाव दिलं. गेल्या दहा-बारा वर्षांत मेंदूच्या आजारांवरचं बरंच संशोधन या एका शब्दाभोवती फिरतं आहे.

मग जन्मभर लोह बाळगूनही बहुतेकांचा मेंदू शाबूत कसा राहतो? कारण ते सहसा मोकळं सोडलेलं नसतं. फेरिटिन हे प्रथिन १९३७ मध्ये व्हिलेम लाउफबेर्गर यांनी घोड्याच्या प्लीहेतून वेगळं काढलं. २४ तुकडे जुळून झालेला हा पोकळ गोल आहे. त्याच्या पोटात लोहाचे सुमारे ४,५०० अणू मावतात आणि तिथे असेपर्यंत ते फेंटनच्या क्रियेसाठी हाताशी येत नाहीत. सबस्टॅन्शिया नायग्रातल्या पेशींकडे याखेरीज न्यूरोमेलॅनिन हे काळं रंगद्रव्य असतं. तेही लोह घट्ट धरून ठेवतं आणि वयाबरोबर वाढत जातं.

वय वाढतं तसं बिघडतं ते इथे. मेंदूच्या साफसफाई करणाऱ्या पेशींत, मायक्रोग्लियांमध्ये, लोह जमू लागतं आणि त्या आधीपेक्षा जास्त चिडखोर होतात. मायटोकॉन्ड्रिया जुन्या होतात आणि जास्त पेरॉक्साइड बाहेर सोडतात. निकामी प्रथिनं आणि ऑक्सिडीकरण झालेला मेद यांचा पिवळसर-तपकिरी कचरा, ज्याला लिपोफसिन म्हणतात, तो चेतापेशींत साचतो आणि त्यातही लोह अडकतं. चेतापेशी विभागत नाहीत, त्यामुळे हा कचरा नव्या पेशींत वाटला जाऊन विरळ होण्याची सोय नाही. सबस्टॅन्शिया नायग्रातली एखादी पेशी मेली की तिचं न्यूरोमेलॅनिन, त्याने धरलेल्या लोहासकट, बाहेर पडतं. मायक्रोग्लिया त्याच्यावर धावून जातात, आणि त्या धावपळीत शेजारची पेशी सापडते. कंपवात एकदा सुरू झाला की पुढे का सरकत राहतो, याचं एक पटण्यासारखं कारण यात आहे.

इथे एक कूट प्रश्न आहे आणि त्याने शास्त्रज्ञांना अनेक दशकं झुलवलं आहे. लोह वाढलं म्हणून पेशी मेल्या, की पेशी मरत गेल्या म्हणून लोह वाढलं? कंपवाताच्या रुग्णांच्या सबस्टॅन्शिया नायग्रात लोह जास्त असतं, हे १९८० च्या दशकात शवविच्छेदनांतून पक्कं झालं. पण रोगाच्या जागी सापडलेली गोष्ट रोगाचं कारण असतेच असं नाही.

याचं थोडं उत्तर दुर्मीळ आनुवंशिक आजारांतून मिळालं. इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या काही कुटुंबांत चाळिशीच्या आसपास कंपवातासारख्या अनैच्छिक हालचाली सुरू होत. २००१ मध्ये कळलं की त्यांच्या फेरिटिनच्या जनुकातच दोष आहे. लोह साठवणारा गोल नीट बंद होत नाही. जपानमध्ये १९८७ मध्ये वर्णन झालेल्या दुसऱ्या एका आजारात सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिनच नसतं. पेशीतून लोह बाहेर नेण्याच्या कामात ते लागतं. ते नसल्यामुळे लोह आतच तुंबतं आणि मधुमेह, दृष्टिदोष, हालचालींचे विकार आणि पुढे स्मृतिभ्रंशही होतो. या दोन्ही आजारांत मूळ बिघाड लोहाच्या व्यवस्थेचा आहे, त्यामुळे लोह एकट्याच्या जिवावर मेंदूचं नुकसान करू शकतं हे यातून निर्विवाद सिद्ध होतं.

तिसरं उदाहरण मात्र नेमकं उलटं सांगतं. १९२२ मध्ये हालेरफोर्डन आणि श्पात्स या दोघांनी एका कुटुंबाचं वर्णन केलं. १२ भावंडांपैकी ५ बहिणींना एकच विकार होता, ग्लोबस पॅलिडसमध्ये प्रचंड लोह साचलेलं. एमआरआयमध्ये त्याचं चित्र इतकं विशिष्ट दिसतं की डॉक्टर त्याला 'वाघाचा डोळा' म्हणतात. आजाराला त्या दोघांचं नाव मिळालं होतं. पुढे नाझी राजवटीत हे दोघे मारल्या गेलेल्या मनोरुग्णांचे आणि अपंग मुलांचे मेंदू संशोधनासाठी वापरत होते हे उघड झाल्यावर वैद्यकाने ते नाव टाकलं, आणि ते योग्यच केलं. मेंदूतल्या लोहाबद्दलचं आपलं सुरुवातीचं ज्ञान ज्यांच्याकडून आलं त्यांतल्या एकाचा हा इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय त्याचं नाव घेऊ नये असं मला वाटतं. २००१ मध्ये या आजाराचं जनुक सापडलं, तेव्हा त्याचा लोहाशी थेट संबंधच नाही असं दिसलं. दोष को-एन्झाइम ए बनवण्याच्या मार्गात होता. लोह मागाहून साचत होतं.

'काढता येतं का' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथून पुढे. हो, काढता येतं. आणि काढून पाहिलंही आहे.

डेफेरिप्रोन हे औषध १९८० च्या दशकात लंडनमध्ये तयार झालं, पण बाजारात सगळ्यांत आधी आलं ते भारतात, १९९० च्या दशकाच्या मध्याला, मुंबईच्या सिप्ला कंपनीकडून. थॅलेसेमियाच्या मुलांना आयुष्यभर रक्त द्यावं लागतं आणि त्या रक्तातलं लोह हृदयात, यकृतात साचत जातं. तोवर त्यावर उपाय म्हणजे पोटाच्या कातडीखाली सुई टोचून रात्र रात्र पंप लावणं. तोंडाने घ्यायच्या गोळीने कितीतरी घरांतल्या रात्री बदलल्या. हा रेणू लहान असल्यामुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडतो, म्हणून मेंदूतलं लोह काढायला तोच निवडला गेला.

आधी तो वाघाच्या डोळ्याच्या आजारात वापरला. ८८ रुग्ण, १८ महिने, निकाल २०१९ मध्ये. ग्लोबस पॅलिडसमधलं लोह स्पष्ट कमी झालं. रुग्णांच्या प्रकृतीत मात्र ठामपणे सांगता येईल असा फरक पडला नाही. मग कंपवात. युरोपात नव्याने निदान झालेले, अजून लेव्होडोपा हे कंपवाताचं नेहमीचं औषध न घेतलेले ३७२ रुग्ण, ३६ आठवडे. सगळ्यांना आशा होती, कारण आधीच्या छोट्या अभ्यासांत चांगली चिन्हं दिसली होती. डिसेंबर २०२२ मध्ये निकाल छापला गेला. सबस्टॅन्शिया नायग्रातलं लोह घटलं, आणि औषध घेणारे रुग्ण जास्त बिघडले. लक्षणांच्या मोजपट्टीवर त्यांचे गुण सरासरी १५.६ ने वाढले. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांचे ६.३ ने. कंपवाताची नेहमीची औषधं मुदतीआधीच सुरू करावी लागली असे रुग्ण डेफेरिप्रोन घेणाऱ्या गटात २२ टक्के, दुसऱ्या गटात ३ टक्क्यांहूनही कमी. सर्वांत संभवनीय खुलासा तोच, वर लक्षात ठेवायला सांगितलेल्या विकराचा. उरलेल्या पेशी जे काही डोपामिन बनवत होत्या, त्यासाठी लागणारं लोहही औषधाने ओढून घेतलं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अल्झायमरच्या ८१ रुग्णांवरच्या चाचणीतही तसंच झालं. स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसमधलं लोह कमी झालं आणि बौद्धिक घसरण मंदावण्याऐवजी वेगाने झाली.

या रुग्णांनी स्वतःच्या शरीरावर झेलून आपल्याला जे शिकवलं ते फार मोलाचं आहे. आजारी मेंदूतलंही सगळं लोह वाया गेलेलं नसतं. हानी करणारं आणि काम करणारं लोह शेजारी शेजारी असतं आणि आजची औषधं त्यांच्यात फरक करू शकत नाहीत. म्हणून मेंदूतलं लोह काढून देतो म्हणणारं कुठलंही चूर्ण, काढा, शिरेतून द्यायचं 'डिटॉक्स' यांच्या वाटेला जाऊ नका. अँटिऑक्सिडंट गोळ्यांचंही तेच. अमेरिका आणि कॅनडातल्या ८०० कंपवात रुग्णांवर ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस वापरून झाले, १९९३ मध्ये निकाल आला, काहीही उपयोग झालेला नव्हता. क जीवनसत्त्व तर वापरून झालेल्या लोहाला पुन्हा पहिल्या रूपात आणतं, म्हणजे परीक्षानळीत ते फेंटनची क्रिया चालू ठेवायला मदतच करतं. जेवणात लिंबू पिळा, पेरू खा, त्याला माझी काहीच हरकत नाही. मोठमोठ्या डोसांच्या डब्या विकत आणू नका.

आता कढई. शरीरात एकूण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. रोज आतड्यातून आत येतं ते जेमतेम १-२ मिलिग्रॅम. रोजच्या कामाला लागणारं २० ते २५ मिलिग्रॅम शरीर जुन्या लाल पेशी मोडून स्वतःच परत मिळवतं. जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही, म्हणून सगळं नियंत्रण आत घेतानाच होतं. साठा पुरेसा असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतड्यातलं दार अडतं. त्यापुढे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींचा स्वतंत्र अडसर आहे. त्या आपल्या गरजेप्रमाणे लोह उचलतात. लोखंडी कढईत केलेल्या भाजीत लोह वाढतं, आंबट आणि रसदार पदार्थांत जास्त. चिंच घातलेलं अळूचं फदफदं काळपट होतं ते उगीच नाही. पण एवढ्याने निरोगी माणसाच्या मेंदूत भर पडत नाही.

अपवाद सांगितला पाहिजे. हेमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात आतड्याचं दार मिटतच नाही. यकृत, हृदय, स्वादुपिंड यांना आधी झळ बसते. मेंदू पूर्ण सुरक्षित राहतो असं पूर्वी मानत. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-माहितीसाठ्यातल्या एमआरआय चित्रांवरून २०२२ मध्ये दिसलं की त्या जनुकदोषाच्या दोन्ही प्रती असलेल्यांच्या मेंदूतही, हालचालींच्या भागांत, लोह जास्त होतं. हा दोष उत्तर युरोपी वंशाच्या लोकांत आढळतो, भारतात तो अगदी विरळा. थॅलेसेमिया असलेल्यांनी किंवा ज्यांना वारंवार रक्त द्यावं लागतं त्यांनी मात्र लोह नक्कीच सांभाळून घ्यावं.

तुमच्या मुलीबद्दल मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. हिमोग्लोबिन ९ म्हणजे मध्यम प्रतीचा रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. आपल्या देशात लोहाचं दुखणं आहे ते हे. त्या स्वीडिश आलेखाकडे पुन्हा पाहा. वयाच्या १६ व्या वर्षी मेंदू लोह गोळा करण्याच्या ऐन भरात असतो. आजीच्या मेंदूतल्या लोहाची भीती घालून नातीच्या मेंदूचं लोह तोडायचं, हे मला अजिबात मान्य नाही. भावाला हा आलेख दाखवा. गोळी चहाबरोबर देऊ नका, चहातल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं. गोळीने पोट बिघडत असेल तर बंद न करता डॉक्टरांना विचारा. एका डोसानंतर हेप्सिडिन दिवसभर चढलेलं राहतं, त्यामुळे कित्येकदा एक दिवसाआड दिलेली गोळीही चांगली लागू पडते.

राहिली आई. वयस्कर माणसाने 'ताकद येते' म्हणून लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू ठेवू नयेत आणि कमतरता असताना भीतीने सोडूही नयेत. रक्तातलं फेरिटिन तपासा. १५ च्या खाली असेल तर कमतरता नक्की. मात्र अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की फेरिटिन खोटं वर चढतं, तेव्हा ७० पर्यंतचा आकडाही कमीच धरतात. म्हणून सोबत सूज दाखवणारी सीआरपी ही तपासणीही करून घ्या. आणि कमतरता निघालीच तर गोळी लिहून घेऊन थांबू नका. या वयात लोह कमी होतं त्यामागे पुष्कळदा पोटातून नकळत होणारा रक्तस्राव असतो. अॅस्पिरिन किंवा सांधेदुखीच्या गोळ्या चालू आहेत का, शौचाचा रंग काळा आहे का, जठर आणि आतड्याची दुर्बिणीतून तपासणी लागेल का, हे डॉक्टरांना विचारा.

एमआरआयचा रिपोर्ट घेऊन जाल तेव्हा आणखी एक विचारून घ्या. ग्लोबस पॅलिडसमधल्या सारख्या काळेपणाखेरीज त्यात कुठे सूक्ष्म रक्तस्रावांचे ठिपके लिहिले आहेत का? बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपलं की त्यातलं लोह मेंदूत त्या जागी कायमचं राहतं. खोलवरच्या भागांतले असे ठिपके बहुतेक वेळा उच्च रक्तदाबाने येतात. मेंदूत बाहेरून पडणाऱ्या लोहापैकी आपल्याला आज थांबवता येतं ते हेच. आईचा रक्तदाब घरी यंत्राने सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजा, आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. चक्कर येते म्हणालात, तर बसून एकदा आणि उठून उभं राहिल्यावर एकदा, असा दोन्ही वेळी मोजा.